राजाजींची भाषणं, लोकानुनय अन पुराणमतवाद : पानठेल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात आमच्या गावच्या वाचनालयात मी राजाजींच्या भाषणांवर बोललो होतो. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम, दोन कपाटं, एक पंखा. चाळीसेक लोक होते, त्यातले निम्मे चहासाठी आले होते हे मला माहीत आहे. पण तेव्हापासून पानठेल्यावर, कापसाच्या गाडीवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येऊन राहिले, प्रत्येकाले वेगळं उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाचं इथं लिहून टाकतो. प्रश्न जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

हे राजाजी कोण बावा? अन आपल्याले त्यांचं काय घेणंदेणं?

चक्रवर्ती राजगोपालाचारी. जन्म १८७८, तमिळनाडूतले, पेशानं वकील. गांधीजींचे व्याही, म्हणजे राजाजींची पोरगी लक्ष्मी गांधीजींच्या देवदासले दिली होती, १९३३ मधे, अन तेही आंतरजातीय लग्न, दोघांले काही वर्षं थांबवून मग लावून दिलेलं. १९३७ ले मद्रास प्रांताचे मुख्य झाले, १९४८ ते १९५० देशाचे गव्हर्नर जनरल, १९५४ ले भारतरत्न. एवढं झाल्यावर माणूस घरी बसून नातवंडं खेळवते. यांनी ८० व्या वर्षी आपल्याच जुन्या दोस्तांच्या विरोधात नवा पक्ष काढला, स्वतंत्र पक्ष, १९५९ मधे.

आता आपलं घेणंदेणं. तो पक्ष निघाला त्याचं कारण नागपूरलाच घडलं. जानेवारी १९५९ मधे नागपूरले काँग्रेसचं अधिवेशन झालं अन तिथं ठराव झाला की जमिनीले कमाल मर्यादा लावायची अन पुढं जाऊन गावानं जमिनी एकत्र करून सहकारी संयुक्त शेती करायची. मालकी कागदावर तुमचीच, पीक मात्र जमिनीच्या अन मेहनतीच्या हिशोबानं वाटायचं. उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते चरणसिंग यांनी त्याच अधिवेशनात उभं राहून विरोध केला. राजाजींनी बाहेरून केला. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, मिनू मसानी, क. मा. मुन्शी असे लोक सोबत आले अन पक्ष उभा झाला. म्हणजे ज्या नागपूरले आपण संत्रा घेऊन जातो तिथल्या एका ठरावानं देशातला पहिला मोठा उघड उजवा पक्ष जन्माले घातला. मुंबई-दिल्लीवाले ही गोष्ट सांगताना नागपूर एका ओळीत उरकून टाकतात, ते सोडा.

पुराणमतवादी म्हणजे सोवळं-ओवळंवाला ना? मंग तुम्ही त्याचं कौतुक काहून करून राहिले?

हा शब्दच आपल्या भाषेत शिवीसारखा झाला आहे, त्यात माझा दोष नाही. दुसरा बरा शब्द नाही म्हणून वापरतो.

माझ्या शेताची गोष्ट सांगतो. वडिलांच्या काळचा एक धुरा, म्हणजे बांध होता, वावराच्या मधूनच तिरपा गेलेला. ट्रॅक्टर वळवायले त्रास, पेरणीच्या दोन ओळींएवढी जमीन वाया. मी शहाणा, जेसीबी लावला अन सपाट केला. लोक म्हणे मस्त झालं, वावर कसं मैदानासारखं दिसून राहिलं. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी जुलैत जो पाऊस आला त्यानं वरच्या अंगाची माती घेऊन नाल्यात टाकली, सोयाबीन तर गेलंच. तेव्हा कळलं की तो धुरा तिरपा काहून होता. ज्यानं घातला त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं, तो असताना कोणी विचारलंही नव्हतं.

राजकारणातला पुराणमतवादी साधारण एवढंच म्हणते, की मोडायच्या आधी विचारा. सगळंच जपा असं तो म्हणत नाही, निदान शहाणा असेल तर. पण एका प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे सहसा नसते, अन तो प्रश्न मी स्वतःच पुढं घेतो, कारण आमच्या गावात तो टाळून बोलताच येत नाही.

मंग परंपरा जपायची म्हणजे जात पण जपायची का?

हा प्रश्न वस्तीतल्या एका पोरीनं विचारला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे, अन त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

काही धुरे पाणी अडवायले असतात अन काही धुरे माणूस अडवायले. पांदण रस्त्यावर काटे टाकून ठेवणाराही 'हे पहिल्यापासूनच असं आहे' म्हणते. राजाजींच्या खात्यात दोन्ही गोष्टी आहेत. १९३९ मधे मद्रासले मंदिर प्रवेशाचा कायदा त्यांच्याच सरकारनं केला, मंदिरं उघडणाऱ्यांले कायद्याचं संरक्षण दिलं. अन त्याच माणसानं १९५३ मधे शाळेची योजना आणली की पोरांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं अन उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. शाळा कमी, मास्तर कमी, पोरं जास्त, म्हणून हा तोडगा असं त्यांचं म्हणणं. पण चांभाराच्या पोरानं चांभारकी शिकायची अन वकिलाच्या पोरानं काय शिकायचं? लोक म्हणाले हे तर कुलशिक्षण, जातीचंच शिक्षण. एवढा विरोध झाला की १९५४ मधे त्यांनी मुख्यमंत्रीपद सोडलं, कामराज आले अन योजना गुंडाळली. मला विचाराल तर विरोध करणारे बरोबर होते. राजाजींनी तिथं धुरा कोणता अन काटे कोणते हे ओळखलं नाही.

अन आपण विदर्भात बसून हे बोलतो तेव्हा बाबासाहेबांले सोडून कसं जमणार. १९५६ ले नागपुरात त्यांनी जे केलं ते जुन्यातून सरळ बाहेर पडणं होतं, त्याले कोणी पुराणमतवाद म्हणणार नाही. पण २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं त्यांचं भाषण वाचा. त्यात ते म्हणतात की आता सत्याग्रह-असहकार बाजूले ठेवा, घटनेचा मार्ग धरा. अन म्हणतात की धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे घसरणीचा अन शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता. कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर नेऊन ठेवू नका. लोकानुनयाच्या विरोधात याच्याहून नेमकं बोललेलं मी तरी वाचलं नाही, अन ते बोलणारा माणूस कोण्याही अंगानं उजवा नव्हता. म्हणून हा विषय डावा-उजवा म्हणून पाहू नका, गोंधळ होते.

लोकानुनय म्हणजे फुकट वाटप. बरोबर ना?

अर्धंच. सरकारनं काही फुकट देणं एवढ्यानं कोणी लोकानुनयी होत नाही, नाहीतर शाळेची खिचडीही त्यात येईल. मूळ खूण वेगळी आहे, ती म्हणजे 'खरी जनता' एकच असते, तिच्या मनात काय आहे ते मला एकट्याले कळते, अन मधे जे कोणी येतात, कोर्ट, अधिकारी, पेपरवाले, विरोधी पक्ष, ते सगळे त्या जनतेचे दुश्मन. वाटप हे त्यातलं एक हत्यार झालं.

आता ह्या शब्दाचा जन्म ऐका, आपल्याले पटेल. अमेरिकेत १८९२ मधे पीपल्स पार्टी नावाचा पक्ष निघाला, त्या लोकांले पॉप्युलिस्ट म्हणत, तिथून हा शब्द जगभर गेला. अन ते लोक कोण होते? कर्जात बुडालेले शेतकरी. दक्षिणेतले कापूसवाले अन पश्चिमेकडचे गहूवाले. कापसाचा भाव पडलेला, रेल्वे कंपन्या मालभाडं मनमानी लावायच्या, दुकानदार उधारीवर माल देऊन पीकच लिहून घ्यायचा. वऱ्हाडातल्या माणसाले यात नवीन काय? त्याच अमेरिकेत १८६१ ते १८६५ लढाई झाली तेव्हा तिकडचा कापूस थांबला अन आपल्या वऱ्हाडाच्या कापसाले सोन्याचा भाव आला होता, लढाई संपली अन भाव खाली आला. तिकडचा अन इकडचा कापूसवाला एकाच दोरीले बांधलेला होता, एकमेकांचं नावही माहीत नसताना.

त्यांची एक मागणी होती की सरकारनं गोदामं बांधावी, शेतकऱ्यानं माल तिथं ठेवावा अन मालाच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कमी व्याजानं कर्ज घ्यावं, म्हणजे हंगामात पडत्या भावात विकायची पाळी येणार नाही. ओळखीचं वाटलं ना? आपल्या बाजार समितीतली शेतमाल तारण योजना, तूर-सोयाबीन ठेवून ७५ टक्क्यांपर्यंत उचल, तीच कल्पना. तेव्हाच्या प्रतिष्ठित लोकांनी त्यांले वेडे म्हटलं होतं. उत्पन्नावर चढता कर लावा अन सिनेटर थेट लोकांनी निवडून द्या ह्या त्यांच्या मागण्याही होत्या, दोन्हींचा रस्ता १९१३ ले तिकडच्या घटना दुरुस्तीनं मोकळा झाला. म्हणून लोकानुनयी म्हटलं की लगेच थुंकू नका. दुखणं बहुतेक वेळा खरं असते. १८९६ मधे ब्रायन नावाच्या पुढाऱ्यानं शिकागोले भाषण ठोकलं, माणसाले सोन्याच्या क्रुसावर चढवू नका म्हणून, म्हणजे चलन फक्त सोन्याशी बांधून कर्जदाराले मारू नका, लोक वेडे झाले, खुर्च्यांवर उभे राहिले, अन निवडणुकीत तो पडला.

पण भाषणात तर दोघंही सारखेच बोलतात. दोघंही दिल्लीले शिव्या देतात. ओळखायचं कसं?

हाच खरा प्रश्न, बाकीचे सोडून दिले तरी चालतील.

राजाजीही सरकारले झोडपायचे. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्द त्यांचाच, आज पोरगंही वापरते अन त्याले माहीत नसते कोणाचा आहे. धंदा करायचा तर परवाना, कारखाना वाढवायचा तर परवाना, अन परवाना देणारा मंत्री, मग उद्योगपती पक्षाले पैसे देणार नाही तर काय करणार, असं त्यांचं गणित होतं. आता हेच कोणी लोकानुनयी पुढारी बोलला तर तोही म्हणेल बडे लोक अन मंत्री मिळून तुम्हाले लुटून राहिले. इथपर्यंत दोघांचं भाषण सारखं. टाळ्याही सारख्याच.

फरक पुढच्या वाक्यात पडते. लोकानुनयी म्हणते, म्हणून सगळी ताकद माझ्या हातात द्या, मी पाहून घेतो एकेकाले. पुराणमतवादी म्हणते, म्हणून एवढी ताकद कोणाच्याच हातात देऊ नका, माझ्याही नाही. राजाजींचं म्हणणं होतं की काँग्रेस डावीकडे झुकली आहे, तिच्याहून डावे पक्ष काय कामाचे, उघडपणे बोलणारा मजबूत उजवा पक्ष पाहिजे. म्हणजे त्यांले गाडीले ब्रेक लावायचा होता. स्टेअरिंग हिसकायची घाई असलेला माणूस असं बोलत नाही.

दुसरी खूण माझी स्वतःची आहे, पुस्तकात नाही. भाषण चालू असताना पाहा की समोर बसलेल्यांले न आवडणारं एक तरी वाक्य तो बोलला का? विरोधकांले न आवडणारं तर सगळेच बोलतात, त्याले काय लागते. समोरच्यांले, स्वतःच्या मतदारांले. आमच्या तालुक्यात मी १५-२० वर्षांपासून सभा ऐकून राहिलो, एका हाताची बोटं पुरतील इतक्या वेळा असं वाक्य ऐकलं.

राजाजींनी १९४२ मधे हे केलं. सगळा देश 'छोडो भारत' म्हणत असताना हा माणूस म्हणे वेळ चुकीची आहे, आधी मुस्लिम लीगशी बोलणी करा. काँग्रेस सोडावी लागली, लोकांनी गद्दार म्हटलं. ते बरोबर होते की चूक यावर अजूनही भांडण होते, वाचनालयातही झालं. पण गर्दीले घाबरून बोलणारा माणूस तो नव्हता.

निवडून दिलेल्यानं आमचंच ऐकायचं नाही म्हणजे? मंग निवडून कायले द्यायचं?

हे मी बर्कचं सांगितलं तेव्हा सरपंचानं विचारलं, म्हणजे त्याचा स्वतःचा इंटरेस्ट होता त्यात.

एडमंड बर्क, इंग्लंडच्या पार्लमेंटातला. नोव्हेंबर १७७४ मधे ब्रिस्टल बंदरातून निवडून आला अन विजयाच्या भाषणातच मतदारांले सांगितलं की तुमचा प्रतिनिधी तुमच्यासाठी नुसती मेहनत करायले बांधलेला नाही, त्याचा विवेकही त्यानं तुम्हाले द्यायचा आहे, अन तुमच्या मतापुढं त्यानं तो विवेक टाकून दिला तर ती तुमची सेवा नाही, तुमचा विश्वासघात आहे. हार गळ्यात असतानाच असं बोलायले छाती लागते. पुढं आयर्लंडच्या व्यापारावरची बंधनं सैल करायले अन कॅथलिक लोकांचा जाच कमी करायले त्यानं पाठिंबा दिला. ब्रिस्टलचे व्यापारी भडकले, आयरिश माल आला तर आमचं काय. १७८० मधे वारं पाहून त्यानं तिथून माघार घेतली. म्हणजे किंमत मोजली.

सरपंचाले मी म्हटलं की बर्कचं नाव घेऊन ग्रामसभा टाळता येणार नाही हो. विवेक वापरायचा म्हणजे लोकांपुढं उभं राहून कारण सांगायचं, दार लावून बसायचं नाही. तो हसला, पुढच्या ग्रामसभेचा कोरम काही झाला नाही.

राजाजी भाषण जोरदार करायचे का?

नाही. बारीक अंगकाठी, काळा चष्मा, हातात काठी, अन बोलणं वकिलासारखं एकावर एक रचत नेणारं. आरडाओरड नाही. मधेच दृष्टांत टाकायचे, कारण रामायण-महाभारत सोप्या भाषेत सांगणारा माणूस तो. पण धार होती. १९५२ ले मद्रासचे मुख्यमंत्री झाले तेव्हा सभागृहात कम्युनिस्टांले तोंडावर सांगितलं की मी तुमचा एक नंबरचा शत्रू आहे अन तुम्ही माझे, माझं धोरण 'ए' पासून 'झेड' पर्यंत हेच. त्याच वर्षी त्यांनी धान्यावरचं कंट्रोल अन रेशनिंग उठवलं. अधिकारी घाबरले होते, भाव भडकतील म्हणून.

मंग १९७१ ले एवढा दणका काहून बसला?

आकडे आधी घ्या. लोकसभेत स्वतंत्र पक्षाच्या १९६२ ले १८ जागा, १९६७ ले ४४, म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. अन १९७१ ले ८. चार वर्षांत ४४ वरून ८.

मधे काय झालं, तर जुलै १९६९ मधे इंदिरा गांधींनी १४ बँका सरकारी केल्या, राजांचे तनखे बंद करायले निघाल्या, काँग्रेस फुटली, अन निवडणुकीत त्यांचं एक वाक्य चाललं, ते म्हणतात इंदिरा हटाव, मी म्हणते गरिबी हटाव. संपलं. इकडून स्वतंत्र पक्ष, जनसंघ, जुनी काँग्रेस वगैरे आघाडी करून एकत्र आले अन त्यांच्याजवळ सांगायले काय होतं? घटना वाचवा, मालमत्तेचा हक्क वाचवा. आता ज्याच्याजवळ मालमत्ताच नाही त्यानं हक्क कायचा वाचवायचा? इंदिरा काँग्रेस ३५२ वर गेली.

बँकांचंच पाहा. खाजगी बँक गावाकडं फिरकत नव्हती, शेतकऱ्याले सावकाराशिवाय दार नव्हतं, हे दुखणं खरं होतं. राजाजींचे लोक म्हणत होते की बँक सरकारची झाली की कर्ज पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर मिळेल, अन तेही नंतर खरं ठरलं, माझ्या वडिलांनी ती चिठ्ठी मागायले चकरा मारलेल्या आहेत. पण चिठ्ठीचा धोका सांगणाऱ्यानं आधी सावकाराचं काय करायचं ते सांगावं लागते ना. स्वतंत्र पक्षाच्या व्यासपीठावर महाराण्या होत्या, जयपूरच्या गायत्री देवी विक्रमी मतांनी निवडून आल्या होत्या, मुंबईचे वकील-उद्योजक होते, अन भाषणं बहुतेक इंग्रजीत विचार केलेली. रंगा शेतकऱ्यांचे होते हे लोकांपर्यंत पोचलंच नाही. मला तर वाटते पक्षाची अर्धी हार तिथंच झाली. राजाजी १९७२ च्या नाताळच्या दिवशी गेले, ९४ वर्षांचे होऊन. पक्ष १९७४ मधे चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विरघळला.

म्हणजे राजाजींनी कधीच लोकानुनय केला नाही?

केला ना. साधुसंत नव्हते ते. १९६७ ले काँग्रेसले पाडायचं म्हणून द्रमुकसोबत युती केली, अन द्रमुकचं वचन काय होतं, रुपयाले तीन मापं तांदूळ! ज्या माणसानं जन्मभर सांगितलं की सरकारनं भाव ठरवू नये तो या वचनाच्या मंचावर बसला. सत्ता आल्यावर तीन मापांचं एक माप झालं, तेही काही शहरांपुरतं. अन द्रमुकले एकट्यालाच बहुमत मिळालं तेव्हा स्वतंत्रच्या २० आमदारांची गरजच राहिली नाही.

हिंदीचंही तसंच. १९३७ ले शाळेत हिंदी सक्तीची करणारे राजाजी, अन साठच्या दशकात हिंदी लादू नका म्हणणारेही राजाजीच. मत बदललं म्हणा की वारं पाहिलं म्हणा, मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे चहा पिता पिता.

दारूबंदीचं काय ते सांगत होते तुम्ही?

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे हा भाग सुरू झाला की मागच्या रांगेत हशा झाला. कुठं मिळत नाही ते सांगा.

राजाजींनी १९३७ मधे सेलम जिल्ह्यात दारूबंदी लावली. सरकारची आवक बुडाली तर १९३९ मधे विक्रीकर आणला, म्हणजे ज्याले आपण पुढं सेल्स टॅक्स म्हणू लागलो त्याची सुरुवात. इथं पुराणमतवादी अन लोकानुनयी यांचा फरक मस्त दिसते, लोकांची सवय तोडली अन वरून कर लावला, दोन्ही मतं घालवणारी कामं. मग १९७१ मधे करुणानिधी सरकारनं दारूबंदी उठवायचं ठरवलं, तेव्हा नव्वदी पार केलेले राजाजी पावसात त्यांच्या घरी गेले, उठवू नका म्हणून विनवायले. उठलीच. आता वर्ध्यात राहणारा माणूस म्हणून मी म्हणतो की करुणानिधींची बाजूही मला कळते, बंदी असून गल्लीत मोहाची मिळते अन पोलिसांचा हप्ता चालते, अन बायाबापड्यांले विचाराल तर त्या म्हणतात आहे ती बंदीही उठवू नका. माझ्याजवळ याचं उत्तर नाही.

कर्जमाफी, लाडकी बहीण, हे सगळं चूक आहे असं म्हणणं आहे का तुमचं? खरं सांगा.

खरं सांगतो. २००८ च्या माफीत ५ एकरांपर्यंतवाल्यांचं पूर्ण माफ झालं अन त्याच्या वरचे आम्ही राहिलो, आम्हाले एकरकमी भरलं तर सूट. कोरडवाहू १० एकर म्हणजे ओलिताच्या २ एकराएवढंही उत्पन्न नाही, पण दिल्लीच्या कागदावर आम्ही मोठे शेतकरी. तेव्हा मी शिव्या दिल्या. २०१७ च्या दीड लाखाच्या माफीत आमचं नाव आलं तेव्हा मी घेतली. नको म्हटलं नाही. अन घरी १५०० रुपये येतात तेही बायको परत करत नाही, काहून करावे.

माझा आक्षेप देण्यावर नाही, भाषणावर आहे. माफीच्या भाषणात कोणी असं म्हणत नाही की ही मलमपट्टी आहे, भाव अन पाणी अन विमा याचं आम्हाले जमलं नाही म्हणून ही देतो. सगळेच पक्ष असं सांगतात की मी दिलं, मी, जसं काही स्वतःच्या वावरातलं काढून दिलं. त्या 'मी' पाशी मला अडते. अन माफीच्या आशेनं नियमित भरणारा येडा ठरते, हे कोणता पुढारी आमच्या गावात येऊन बोलला सांगा.

शरद जोशी मंग कोणत्या खान्यात?

कोणत्याच खान्यात बसत नाहीत म्हणून ते मला आवडतात. लाखोंच्या सभा घेणारा माणूस, 'इंडिया विरुद्ध भारत' म्हणणारा, म्हणजे बाहेरून पाहिलं तर पक्का लोकानुनय, आपण विरुद्ध ते. पण घोषणा काय, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. सबसिडी नको, आडवे येऊ नका म्हणजे झालं. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात आपला कापूस आपल्यालेच राज्याबाहेर विकता येत नव्हता, सीमेवरून रात्री गाड्या काढायचे लोक, ते जुन्या माणसांले आठवते. जोशी त्या बंधनाच्या विरोधात. अन त्याच कापूसवाल्यांच्या सभेत म्हणायचे की जमीन बायकोच्या नावावर करा, लक्ष्मीमुक्ती. समोर बसलेल्या बाप्यांले न आवडणारं वाक्य! तरी गावंच्या गावं पुढं आली.

१९९४ मधे पक्ष काढला तर नाव ठेवलं स्वतंत्र भारत पक्ष, राजाजींची आठवण ठेवून. अन २०१० मधे राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकावर मतदान झालं, १८६ बाजूनं, विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी. मला त्यांचं ते मत पटलं नाही, आजही नाही. पण लक्ष्मीमुक्तीवाला माणूस एकटा तिकडे हात वर करते म्हणजे त्यानं काहीतरी विचार केला असेल, एवढं मी मानतो. बर्क पाहत असता तर त्यानं त्याले चहा पाजला असता.

लोकांले रागावून मतं भेटतात का कुठं?

मतांचं माहीत नाही, गर्दी भेटते. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. कीर्तनात लोकांले काय म्हणायचे? कर्ज काढून लग्न करता, कर्ज काढून तेरवी घालता, देवाले बकरं कापता, दारू पिता, लाज नाही वाटत? अन लोक बैलबंड्या जुंपून दुरून ऐकायले यायचे. प्रश्न विचारून विचारून लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. म्हणजे आपल्या माणसाले खरं ऐकायची चीड नाही. फक्त बोलणाऱ्याच्या हातात झाडू पाहिजे, त्यानं आधी गाव झाडलेलं पाहिजे. स्वतंत्र पक्षाच्या लोकांच्या हातात तो नव्हता.

आत्ताच्या नेत्यांपैकी कोण कोण्या बाजूले?

नावं घेणार नाही, मला गावात राहायचं आहे. खूण वर सांगितली, सभेत जाऊन स्वतः लावून पाहा. जगात सगळीकडेच हे दोघं आजकाल एकाच टोपीत फिरून राहिले. अमेरिकेत रेगन १९८१ च्या शपथविधीच्या भाषणात म्हणाले होते की आजच्या संकटात सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे. त्याच पक्षाच्या ट्रम्पनी २०१६ मधे उमेदवारी घेताना म्हटलं की हे फक्त मीच दुरुस्त करू शकतो. दोन्हीले उजवं भाषण म्हणतात. पहिला सरकारले छोटं करतो म्हणते, दुसरा मी मोठा होतो म्हणते.

ही भाषणं वाचायले मिळतील का? अन पुढचं कधी आहे?

बाबासाहेबांचं घटना समितीतलं भाषण मराठीत सहज मिळते, वाचनालयात दोन प्रती आहेत, एक कोणीतरी नेऊन दोन वर्षं झाली, ज्यानं नेली त्याले माहीत आहे. राजाजींचं माझ्याजवळ जे आहे ते इंग्रजी अन झेरॉक्स, त्यातली तीन-चार भाषणं मी वहीत मराठीत उतरवून ठेवली आहेत, अक्षर लागलं तर वाचा. पुढचं बोलणं तुरीची सोंगणी झाल्यावर, संध्याकाळी सातले. लोडशेडिंगचं पाहून यावं, अन येताना एक एक खुर्ची घेऊन यावं, मागच्या वेळच्या भाड्याच्या खुर्च्यांचे पैसे अजून द्यायचे राहिले आहेत.